सात नंबरचं मुंडकं

मोहिद्दीनभाईंचा फोन आला तेव्हा मी आमरस-पुरी खाऊन आडवा झालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याला मी आजवर बरीच भारदस्त कारणं दिली आहेत. उन्हाला दोष दिला, अंतराला दिला, शुक्रवारच्या सुट्टीला दिला. खरं कारण आमरस. २००२ सालचा मे महिना होता. आम्ही तेव्हा आखातात राहत होतो. माझ्या बायकोनं, सुलक्षणानं, देऱ्याच्या बाजारातून हापूसची पेटी आणली होती. "पंचावन्न दिरहम, म्हणजे सातशेच्या वर गेले की हो," असं म्हणत म्हणतच तिनं ती फोडली, आणि मी चार वाट्या रस ओरपून पंख्याखाली पसरलो होतो.

फोन पर्णिकानं घेतला. नऊ वर्षांची होती तेव्हा. "बाबा, समवन फ्रॉम द फार्म. ही साउंड्स सॅड," म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या छातीवर ठेवून निघून गेली.

"साहेब, सात नंबर गेला," मोहिद्दीनभाई म्हणाले.

सात नंबर म्हणजे एक एल्क. घोड्याएवढं हरीण असतं ते, थंड मुलुखातलं. अल ऐनच्या रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर एका अरबाबाचा, म्हणजे अरबी मालकाचा, फार्म होता. त्यानं १९९८ साली हौसेनं अठरा एल्क कॅनडातून विमानानं आणवले होते आणि त्यांच्यासाठी एसी लावलेली शेड बांधली होती. त्यांना सांभाळायला मोहिद्दीन परकार. श्रीवर्धनकडचे, पन्नाशीचे, मितभाषी. फार्मवर माझ्याशी मराठीत बोलणारा एवढा एकच माणूस, त्यामुळे तिथं गेलो की अर्धा तास त्यांच्या खोलीत चहा ठरलेला. मी रास अल खोरच्या एका खासगी पशुवैद्यकीय लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन होतो. उंटांची रक्तं, ससाण्यांची विष्ठा, शर्यतीच्या घोड्यांचे नमुने, असलं आमचं रोजचं काम.

एल्कचं काम वेगळं होतं. कॅनडातून दुसऱ्या एका देशात गेलेल्या एल्कमध्ये झिजण्याचा रोग सापडल्याची बातमी आली होती. गायींचा वेड लागण्याचा रोग सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्याच घराण्यातला हा. ना जंतू ना विषाणू, मेंदूतलं एक प्रथिनच बिघडतं आणि शेजारच्यांना बिघडवत जातं. जनावर वाळतं, लाळ गाळतं, मान खाली घालून उभं राहतं आणि मरतं. जिवंतपणी तपासायची सोय नव्हती. मेल्यावर मेंदू आणि मणक्याची दोरी जिथं जुळते तिथला अंगठ्याएवढा तुकडा काढायचा, त्याला ऑबेक्स म्हणतात, तो फॉर्मेलिनमध्ये टाकायचा आणि परदेशातल्या मोठ्या लॅबला पाठवायचा. रोग सगळ्यात आधी तिथं दिसतो. दोन बोटं पुढचा तुकडा घेतला तर सुरुवातीचा रोग हुकू शकतो. तुकडा काढणं माझ्याकडे होतं, कारण हाताचा मी पक्का. आमचे डॉक्टर सदानंद तसं चारचौघांत सांगत, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे.

"कधी गेला?" मी विचारलं.

"जुम्म्याच्या नमाजाच्या आधी. अंग अजून गरम आहे. सावलीत ओढून ठेवलाय. येताय ना?"

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. असल्या उन्हात मेंदूची संध्याकाळपर्यंत लापशी होते, हे मला माहीत होतं. उठावं, शर्ट घालावा, गाडी काढावी, एवढंच करायचं होतं.

"आज ड्रायव्हर नाही हो," मी म्हणालो. ड्रायव्हर कधीच लागत नसे, गाडी मीच चालवायचो. "असं करा, मुंडकं वेगळं करा आणि फ्रीझरमध्ये टाका. मी उद्या सकाळी येतो."

"फ्रीझरमध्ये? तुम्हीच मागं म्हणाला होतात, फ्रीझर नको, मेंदू फुटतो."

"एका रात्रीनं काही होत नाही."

"शिंगं मावायची नाहीत पण."

"मग कापा शिंगं. शिंगांचं मला काही काम नाही."

"बरं," ते म्हणाले. मी कूस बदलली आणि साडेपाचपर्यंत झोपलो. झोप छान लागली होती, तेही सांगतो.

शनिवारी ते मुंडकं काळ्या कचऱ्याच्या पिशवीत माझ्या टेबलावर होतं. डाव्या कानात पिवळा टॅग, त्यावर ठसठशीत ७. मी तो बघितला, रजिस्टरमध्ये नुसतं 'एल्क, नर' लिहिलं आणि टॅगचा नंबर लिहायचा राहिला. घाईत होतो. बर्फ वितळायला चार तास लागले. मानेकडच्या भोकातून मी चमचा आत घातला, हलक्या हातानं फिरवला, आणि ऑबेक्स चमच्यात आला तो फुटलेल्या दह्यासारखा. जे उरलं ते बेसिनमध्ये गळून गेलं.

तिथं खरं बोलायची पहिली संधी होती. 'नमुना तपासणीलायक नाही' असा रीतसर शेरा असतो, त्यासाठी फॉर्मवर चौकोन छापलेला असतो. पण शेरा मारला की डॉक्टर विचारणार, का नाही? फ्रीझरमध्ये का ठेवलं? शुक्रवारी कुठे होतास? मी जरा पुढचा, अजून घट्ट असलेला तुकडा कापला, कडा तासून त्याला हवा तसा आकार दिला, आणि फॉर्मवर 'ऑबेक्स' लिहिलं. हाताचा पक्का होतो ना. मुंडकं भट्टीत गेलं.

जुलैमध्ये रिपोर्ट आला. दोन ओळींचा होता. पहिली: रोग आढळला नाही. दुसरी: मिळालेल्या तुकड्यात ऑबेक्सच्या खुणा ओळखता आल्या नाहीत, शक्य असल्यास पुन्हा नमुना पाठवावा. फार्मला जायचं पत्र टाइप करायचं काम माझ्याकडेच होतं. मी पहिली ओळ टाइप केली. दुसरीशी येऊन बोटं थांबली, मग मी आपली 'युअर्स फेथफुली' टाइप केली. मूळ रिपोर्ट पत्राखाली जोडून डॉक्टरांपुढे ठेवला, त्यांनी सही केली आणि मूळ कागद फाइलला गेला.

फार्मच्या मॅनेजरनं बकलावा मिठाईचा मोठा डबा पाठवला. मोहिद्दीनभाईंचा फोन आला. "अल्हम्दुलिल्ला, साहेब. दोन महिने घास उतरत नव्हता. सगळेच जातात की काय असं वाटत होतं." मी म्हणालो, काळजी करू नका. त्या पत्राच्या जोरावर अरबाबानं पाच एल्क फुजैराकडच्या आपल्या भावाला भेट दिले.

जानेवारीत चौदा नंबर वाळायला लागला. "सात नंबरसारखंच आहे साहेब," मोहिद्दीनभाई म्हणाले. "लाळ, मान खाली. मला पाहून जवळ येतो आणि मग का आलो ते विसरतो." तो मेला त्या दिवशी मी चाळीस मिनिटांत फार्मवर पोचलो, तिथल्या तिथं कवटी उघडली, ऑबेक्स अख्खा काढला. इतका सुरेख तुकडा मी आयुष्यात काढला नव्हता. मार्चमध्ये रिपोर्ट आला. रोग होता, आणि चांगला पसरलेला होता.

मग उरलेले सगळे मारायचे ठरले. फुजैराकडचे पाच आणि इथले अकरा. इथल्यांना डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि मी सुया भरून देत होतो. एल्कना दुसऱ्या कुणाच्या हातून खायची सवय नव्हती, त्यामुळे जवाची बादली धरून मोहिद्दीनभाईच पुढे उभे राहिले. एकेक जनावर यायचं, बादलीत तोंड घालायचं, आणि गुडघ्यावर बसायचं. ते प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होते. अकरावा आडवा झाला तेव्हा त्यांनी बादली उचलली आणि धुवायला घेऊन गेले. मी हातमोजे काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली. जुलैमध्येच कळलं असतं तर फुजैराचे पाच तरी वाचले असते का, हा हिशेब मी तिथं उभ्याउभ्या करत होतो.

दुसऱ्या आठवड्यात फार्मचा मॅनेजर लॅबमध्ये आला, मोहिद्दीनभाईंना घेऊन. डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. मॅनेजर इंग्रजीत बोलत होता, आवाज न चढवता. अरबाब विचारतायत, सात नंबरला तोच आजार होता हे आंधळ्यालाही दिसत होतं, मग तुमचा रिपोर्ट क्लीन कसा?

डॉक्टर सावकाश म्हणाले, "आमच्याकडे जो नमुना आला त्यात रोग नव्हता."

"एक्झॅक्टली," मॅनेजर म्हणाला. "जो आला त्यात." आणि तो मोहिद्दीनभाईंकडे वळला. "शिंगं कुठे गेली?"

तेव्हा कुठे मला तो काय म्हणतोय ते कळलं. मे महिन्यात एल्कची शिंगं कोवळी असतात, वर मखमलीसारखी लव. चिनी औषधवाले ती मोलानं घेतात. देऱ्यात एका जोडीचे दोन हजार दिरहम मिळतात, मॅनेजर म्हणाला, आणि मी मनातल्या मनात सव्वीस हजार रुपये असं केलंसुद्धा. त्याचं म्हणणं असं की मोहिद्दीननं सात नंबरचं मुंडकं शिंगांसकट विकलं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी हरणाचं बिनशिंगाचं मुंडकं लॅबला दिलं. म्हणून रिपोर्ट क्लीन.

"शिंगं जनावराबरोबर खड्ड्यात पुरली," मोहिद्दीनभाई हिंदीत म्हणाले. रोगाच्या भीतीनं तो खड्डा उकरायला आता कुणी तयार होणार नव्हतं.

"कापलीच का? कोणी सांगितलं?"

मोहिद्दीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मॅनेजरला म्हणाले, "फ्रीझरमध्ये मावत नव्हती. मीच कापली." आणि मग, जरा घाईनं, "लेकिन कान में टॅग था. सात नंबर. साहेबांनी बघितलाय, त्यांना विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "चंद्रहास, टॅग होता?"

एक शब्द बोलायचा होता. होता. पण मुंडकं सात नंबरचंच होतं असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग रोग कसा हुकला? तुकडा कुठला घेतलास? फ्रीझरमध्ये का? दुसरी ओळ कुठे गेली? माझ्या डोळ्यांपुढे पर्णिकाची शाळा आली, करामातला फ्लॅट आला, पासपोर्टवरचा कॅन्सलचा शिक्का आला. हे सगळं एका श्वासात झालं. विचार करून नव्हे, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण विचार केला होता. भरपूर केला होता.

"आठवत नाही, सर," मी म्हणालो. "रजिस्टरमध्ये नंबर नाहीये."

मोहिद्दीनभाईंनी मान हलवली, नाही म्हणून नव्हे, आपण पत्ता विचारला आणि समोरच्याला तो माहीत नसला तर हलवतो तशी.

मॅनेजरनं पोलिसात जायचं टाळलं, हे त्याचे उपकार म्हणून सांगण्यात आलं. मोहिद्दीनभाईंचा व्हिसा कॅन्सल, वर पुन्हा येण्यावर बॅन, आणि शनिवारचं तिकीट. फार्मवर राहू देईनात, म्हणून तोवर ते मुहैस्नाहच्या एका कामगार कॅम्पात गाववाल्यांच्या खोलीत होते.

शुक्रवारी मी तिथं गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, गळपट्टी धरावी असं कुठेतरी वाटत होतं, म्हणजे फिट्टंफाट झाली असती. सुलक्षणानं बेसनाचे लाडू दिले होते. तिला मी एवढंच सांगितलं होतं की ओळखीचा एक माणूस परत चाललाय.

खोलीत सहा खाटा. खालच्या एका खाटेवर ते बसले होते, शेजारी दोरीनं बांधलेली बॅग, तिच्यावर तिकीट. मला पाहून उठले, खाटेवरची चादर हातानं सारखी केली, बसा म्हणाले, आणि कुणालातरी चहा आणायला पाठवलं.

"तुम्ही फोनचं का नाही सांगितलंत?" चहा येईपर्यंतही मला धीर धरवला नाही. "शिंगं कापायला मीच सांगितलं होतं, ते."

"काय सांगायचं? तुमचं नाव घेतलं असतं तर तुमच्या नोकरीवर आलं असतं. लहान पोरगी आहे तुम्हाला. मला वाटलं, टॅगचं तुम्ही सांगालच. तेवढ्यानं माझं पण काम होईल आणि तुमचं पण झाकलं जाईल."

मी बशीत बघत राहिलो.

"नसेल आठवत," ते म्हणाले. "दिवसाला किती मुंडकी बघता तुम्ही. मी एकच बघितलेलं, म्हणून मला आठवतं." मग जरा वेळानं म्हणाले, "मला शिंगांचं वाईट नाही वाटत. चोर म्हणाले, म्हणू दे, अल्लाला माहीत आहे. पण साहेब, सात नंबरला तोच रोग होता. मला दिसत होतं. तुमचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, मशीन सांगतंय म्हणजे माझीच नजर चुकली. मग मी बाकीच्यांना एकाच टाकीत पाणी पाजत राहिलो. ते राहून राहून मनात येतं. मी वेगळे ठेवायला पाहिजे होते."

म्हणजे त्या अकरा जनावरांचं पापही ते स्वतःच्याच माथी घेऊन निघाले होते. ते तरी मी उतरवू शकलो असतो. खोलीत मॅनेजर नव्हता, डॉक्टर नव्हते, रजिस्टर नव्हतं. 'तुमची चूक नाही, माझी आहे,' इतकंच म्हणायचं होतं आणि ऐकणारा माणूस उद्या निघून जाणार होता. मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. लाडवांच्या डब्याबद्दल वहिनींना सलाम सांगायला सांगितलं. मी गाडीत येऊन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो, आणि रडून झाल्यावर तोंड पुसून घरी गेलो.

रविवारी सकाळी मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. आमरसापासून. फ्रीझर, शिंगं, टॅग, दुसरा तुकडा, गाळलेली ओळ.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती ओळ मी जुलैतच वाचली होती," ते म्हणाले. "सही करताना. आधी वाटलं तू विसरलास. मग वाटलं, विसरलास ते बरंच झालं. इतकं मोठं गिऱ्हाईक, कोण पुन्हा नमुना मागणार?"

"मग आता काय करायचं, सर? मॅनेजरला फोन करू?"

"तो माणूस गेला ना काल?"

"हो."

"मग खलास. आता सांगून लॅब बंद होईल, आपण दोघं घरी जाऊ, आणि त्याला काही कुणी परत बोलवणार नाही. बॅन लागलाय." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तू सांगितलंस, बरं केलंस. आता डोक्यातून काढ."

मी बाहेर आलो आणि मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार हलकं वाटलं. संध्याकाळी सुलक्षणालाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाकलंत ते चांगलं केलंत. चूक कबूल करायला हिंमत लागते."

माझ्या हिमतीबद्दल तिला जे माहीत नाही ते असं. मोहिद्दीनभाईंचं विमान शनिवारी दुपारी पावणेतीनला होतं. वेळ मी शुक्रवारी खाटेवरच्या तिकिटावर वाचली होती. शनिवारी सकाळी आठपासून मी लॅबमध्येच होतो आणि डॉक्टर समोरच्या केबिनमध्ये, दहा पावलांवर, एकटे होते. दिवसभरात मी चार वेळा उठलो आणि चार वेळा घड्याळ बघून पुन्हा बसलो. तीन वाजून गेल्यावर मी ठरवलं, उद्या सकाळी सगळं सांगून टाकायचं.